दोनशे चौदा बटणं

माझी नोकरी अशी आहे की दिवसभर लोकांचा राग ऐकायचा आणि स्वतःचा गिळायचा. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मदत लाइनवर मी बसते. पाणी जात नाही, ड्रम फिरत नाही, दार उघडत नाही आणि आत जावईबापूंची पँट अडकलीय, असे फोन. माणूस आधी कंपनीचा उद्धार करतो, मग माझा, आणि मी मधाळ आवाजात म्हणते, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आपण मशीनचा प्लग एकदा काढून परत लावून बघाल का?" निम्म्या लोकांचं मशीन तेवढ्यानं सुरू होतं. काहींनी तर प्लग लावलेलाच नसतो. तरी हसून "धन्यवाद" म्हणायचं.

चौदा वर्षं हे केल्यावर घरी आलं की माझं तोंड सुटतं. दादा मला लहानपणापासून भोंगा म्हणायचा, उगाच नाही. आणि जिना चढताना सुद्धा सुटका नाही. आमच्या इमारतीत फुकट सल्ल्यांची देवाणघेवाण जोरात चालते. पहिल्या मजल्यावरची शिलाईवाली विचारते, फोन गरम का होतो. तिला मी सांगायचं, उशीखाली ठेवू नकोस. त्या बदल्यात ती सांगते, कॉलरचा मळ कसा काढायचा. फ्रीजला वास येतोय, इस्त्रीला डाग पडलाय, टीव्हीचा आवाज आपोआप वाढतोय. प्रत्येकाकडे प्रश्न, आणि दुसऱ्याच्या प्रश्नावर प्रत्येकाकडे उत्तर. मशीन आणि मोबाइल हे माझं खातं. नळ, मोरी, टाकी हे दादाचं.

दादा प्लंबर. हात सोन्याचा आणि जीभ करवतीची. नळ दुरुस्त करून द्यायचा आणि जाता जाता मालकाची अक्कलही काढून जायचा. "हा नळ कुणी बसवला? त्याला म्हणावं, तू आता शेळ्या हाक." लोक ऐकून घ्यायचे, कारण दादाने हात लावलेला नळ दहा वर्षं गळायचा नाही. माझं लग्न का झालं नाही असं विचारायला आलेल्या आत्याला त्याने असं काही सुनावलं होतं की ती चहाही न पिता गेली. मी आत ओट्याशी उभी राहून पोट धरून हसले होते.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि शब्द सगळे गेले. समजतं सगळं. बातम्या समजतात, विनोद समजतो, वहिनीने भाजीत मीठ विसरलं तर ते सगळ्यात आधी त्याला समजतं. पण तोंड उघडलं की "त… त…" एवढंच येतं, आणि मग तो डाव्या हाताने मांडीवर थापा मारतो. लिहिणंही तसंच गेलं. स्पीच थेरपिस्टबाईंनी टॅबवर एक ॲप घालून दिलं. एकेका चित्राचं एकेक बटण. बटणामागे आपण आपल्या आवाजात वाक्य रेकॉर्ड करून ठेवायचं. त्याने बोट लावलं की टॅब बोलतो.

त्यात वाक्यं मी भरली. प्रत्येक रविवारी, दार लावून, पंखा बंद करून. घरातला माझा आवाज फाटका, म्हणून ऑफिसातला आवाज लावला. "मला पाणी मिळेल का, प्लीज." "पाठ थोडी दुखते आहे." "जेवण छान झालं आहे." दोनशे चौदा बटणं. वहिनीने टॅबला कापडी पट्टा शिवला, म्हणजे काठी हातात असली तरी टॅब गळ्यात राहील. आल्यागेल्याला मी कौतुकाने दाखवायचे, बघा, दादा बोलतो. त्याने नुसती मान हलवली की मी म्हणायचे, असं नाही, टॅबवर सांग.

त्या शनिवारी सकाळची पाळी संपवून साडेतीनला घरी आले. सकाळभरात एकाने मला 'मशीनपेक्षा तूच जास्त बिघडली आहेस' असं ऐकवलं होतं, तेव्हा डोकं आधीच तापलेलं. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, टॅब मांडीवर. मी चप्पल काढता काढता सवयीने टॅबकडे पाहिलं. पान रिकामं होतं. वरच्या कोपऱ्यात तीन बटणं आणि बाकी सगळं पांढरं.

मी टॅब उचलला. पुढचं पान रिकामं. जेवणाचं पान, दुखण्याचं पान, घराचं पान, सगळी रिकामी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी, हे कुणी केलं?"

वहिनी कपड्यांच्या घड्या टाकून आली. "काय कुणी केलं?"

"सगळं पुसलंय. दोन वर्षांचं सगळं. तू हात लावलास का याला?"

"ताई, मी कशाला हात लावीन? तुम्हीच तर लावू देत नाही." तिचंही खरं होतं. "कंडक्टरकाका आले होते दुपारी. दोघं तासभर बसले होते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते."

"आणि तुझं लक्ष कुठे होतं?"

"चिमट्यांकडे," वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली. तिला राग आला की ती एवढंच बोलते.

माझ्याकडे कॉपी नव्हती. दिवसाला साठ माणसांना मी सांगते, पावती जपून ठेवा, मॉडेल नंबर लिहून ठेवा. स्वतः काय जपून ठेवलं, तर काही नाही. त्यामुळे राग दुप्पट झाला आणि तो कुणावर तरी काढणं भाग होतं. कंडक्टरकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी पायऱ्या दोन-दोन करून चढले.

कंडक्टरकाका म्हणजे तीस वर्षं बसमध्ये काढलेला माणूस. आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या इमारतीत कळतं. मी दार वाजवलं तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या नळासमोर स्टूल टाकून बसले होते, आणि नळ गळत नाहीये हे बघत होते.

"ये, ये. बघ, एक थेंब नाही," ते म्हणाले. "तीन आठवडे ठिबकत होता. इमारतीच्या ग्रुपवर विचारलं तर एकाने सांगितलं दोरा गुंडाळा, एकाने सांगितलं नळच बदला. तू म्हणालीस प्लंबर बोलवा. शेवटी मी नळाचा दांडा काढला, वाटीत घातला आणि खाली तुझ्या दादापुढे नेऊन ठेवला. त्याने एकदाच पाहिलं. वॉशर मी उलटा बसवला होता. त्याने डाव्या हाताने काढला, सुलटा केला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता हा बोलणार."

"काका, नळाचं कौतुक ठेवा बाजूला. टॅबवरचं सगळं तुम्ही पुसलंत?"

"हो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते नाकबूल करतील, निदान चुकून झालं म्हणतील. सरळ 'हो' ऐकलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. तुम्हाला काही कळतं का, एका आजारी माणसाची वाचा होती ती, तुमच्या नळाच्या नादात तुम्ही त्याला मुका केलात, दोन वर्षं माझे रविवार गेलेत त्यात, या वयात नसते उद्योग सुचतात कसे. सगळं बोलले. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला.

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तिकिटावरून भांडणाऱ्या प्रवाशाचं ऐकावं तसं. मग म्हणाले, "त्यानेच सांगितलं."

"त्याने कसं सांगितलं? सांगायला त्याच्याकडे तसलं बटणच नव्हतं."

"तेच तर. बटण नव्हतं म्हणून त्याने टॅब पुढे केला आणि वर हात फिरवला, पाटी पुसतात तसा. मला वाटलं काच पुसायचीय. मी रुमालाने पुसली, तर रुमाल फेकून दिला त्याने. मग विचारलं, यातलं काही काढायचंय का? 'हो' अशी मान हलवली. एक बटण? नाही. हे पान? नाही. सगळं? तर त्याने माझा हात धरला. अजून दुखतोय. तीन वेळा विचारलं गं मी. मशीनसुद्धा विचारतं, परत मिळणार नाही, पुसू का. तिथे 'हो'वर बोट त्याने स्वतः ठेवलं."

"आणि तुम्हाला हे पुसायचं कुणी शिकवलं? परवापर्यंत तुम्हाला फोनचा आवाज कमी करता येत नव्हता."

"तू शिकवलंस," काका म्हणाले. "माझा फोन त्या सुप्रभातच्या गुलाबांच्या फोटोंनी तुंबला होता तेव्हा. बोट दाबून धरायचं, सगळे निवडायचे, केराची पेटी दाबायची. जिन्यात उभं राहून शिकवलंस. त्याने मला वॉशर सांगितला, मी त्याला हे सांगितलं. फिट्टंफाट."

मी भांड्याच्या रॅकला टेकून उभी राहिले. राग होताच, पण त्याला उभं राहायला जागा मिळेना.

"का पण?" मी विचारलं. "का पुसायचं होतं त्याला?"

काकांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. ते म्हणाले, "मागच्या आठवड्यात आम्ही पत्ते खेळत होतो. मी पत्ता लपवला. मुद्दाम, त्याला दिसेल असा. पूर्वी त्याने माझ्या सात पिढ्यांची पूजा बांधली असती. तो दहा मिनिटं त्या टॅबवर शोधत होता. हे पान, ते पान. घाम आला त्याला. शेवटी काय दाबलं माहितीये? 'आपण माझ्यासाठी खूप करता, धन्यवाद.' तुझ्या त्या गोड आवाजात. मला हसू आलं. तो हसला नाही. मग मी म्हटलं, बाबा रे, साधं 'नाही' दाब की. त्याने टॅब माझ्याकडे ढकलला. मी चष्मा लावून सगळं पालथं घातलं. दोनशे बटणांत 'नाही' नाही."

मी म्हणणार होते की असं कसं, असणारच. पण मनातल्या मनात पानं उलटत गेले आणि मला आठवलं. ऑफिसात आमच्या डोक्यावर एक नियम लावलेला आहे, ग्राहकाला 'नाही' म्हणायचं नाही. चौदा वर्षांत मी फोनवर एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. 'नाही'च्या जागी आम्ही म्हणतो, "आत्ता नको, हे आपण नंतर बघूया." दादाच्या टॅबवर मी तेच भरलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाचं चित्र लावून. मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं.

"तू मुद्दाम केलं नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही माझी समजूत घालू नका," मी म्हटलं आणि खाली आले.

खाली येताना तरी शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. उलट वाटलं, याने मला सांगायला नको? इशारा करायला नको? काकांना हात फिरवून दाखवता येतं, मला नाही दाखवता येत? मी रक्ताची बहीण, आणि याने वरच्या मजल्याला वकीलपत्र दिलं. मी सरळ त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"का रे पुसलंस? माझे शंभर रविवार होते त्यात. घसा बसेपर्यंत बोलायचे मी. तुला आवडत नव्हतं तर सांगायचं होतं. मला सांगायचं होतंस. मी काय तुझी वैरीण होते?"

दादाने टॅब सरळ केला आणि दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं.

"गप्प बस," कंडक्टरकाकांचा आवाज म्हणाला. भिंती हादरतील एवढ्या मोठ्याने.

मी वाकून बटणावरचं चित्र पाहिलं. माझाच फोटो होता. गॅलरीतून कुणाशी तरी भांडताना, तोंड आ वासलेलं, एक हात हवेत. तो कधी काढला देव जाणे. आत वहिनीच्या हातातलं काहीतरी पडलं, आणि ती हसतेय हे मला भिंतीपलीकडून कळलं. मला हसू आलं नाही. मला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं, आणि मी खरंच गप्प बसले.

दादा काठीवर जोर देऊन उठला. टॅब गळ्यात लटकवला आणि पाय ओढत चालायला लागला. मी हात पुढे केला तर काठी काखेत धरून तिसरं बटण दाबलं, "माझं मी बघतो." पहिल्यांदा तो त्याच्या पलंगापाशी थांबला. तो पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत आणला होता. रात्री उठवायला, न्यायला सोपं पडतं म्हणून. ठरवलं मी, ओढला वहिनीने आणि मी मिळून. दादाने काठी पलंगाला टेकवली, पहिल्या बटणावर बोट ठेवलं. चित्र बंद व्हॉल्व्हचं होतं.

"नाही."

वहिनी दारात आली होती. तिने त्या आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे ती दोन वर्षं एकटी झोपत होती, आणि पदर तोंडाला लावला. आता ती हसत नव्हती.

पुढे आरसा. दादाला मिशा होत्या, भरघोस. जेवताना अन्न अडकतं म्हणून मी न्हाव्याला घरी बोलावून काढायला लावल्या होत्या. तेव्हा विचारलं होतं का त्याला? विचारलं होतं. 'नंतर बघूया' म्हणाला होता, आणि न्हावी तर दारात उभा होता.

"नाही."

मग तो स्वयंपाकघरात गेला. मला कळलं तो कुठे चाललाय, आणि मला वाटलं पळून जावं. सिंकखालचं कपाट त्याने काठीच्या टोकाने उघडलं आणि काठी सिंकला टेकवली. तिथे आता साबणाच्या पिशव्या होत्या. आधी तिथे त्याची हत्यारांची पिशवी असायची. पाइप पाना, दोन पकडी, आटे पाडायचं साधन, त्याच्या उस्तादाने दिलेला छोटा पाना ज्याची मूठ झिजून त्याच्या बोटांच्या आकाराची झाली होती. चार महिन्यांपूर्वी मी त्याला म्हटलं होतं, दादा, ही पडून गंजतायत, कोपऱ्यावरच्या प्लंबरला देऊन टाकू का, चांगल्या हातात जातील. त्याने घड्याळाचं बटण दाबलं. आत्ता नको, नंतर बघूया. आठवड्याने परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने किती तरी वेळ शोधलं, आणि मग "धन्यवाद" दाबलं. मी ते 'हो' धरलं. मला ते 'हो' धरायचंच होतं, कारण ती पिशवी बघितली की मला रडू यायचं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

"नाही," टॅब म्हणाला. दादाचं बोट तसंच बटणावर होतं. "नाही. नाही. नाही." त्याचा चेहरा लाल झाला होता, गळ्याची शीर ताठ झाली होती. दोन वर्षांत मी त्याला इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं आजारपणाने माणूस निवळला.

मी फोन काढला आणि प्लंबरला लावला. त्याने उचलला, मागे पाण्याचा आवाज येत होता.

"नमस्कार, आपल्याला थोडा त्रास देतेय," माझ्या तोंडून आपोआप निघालं, त्याच मधाळ आवाजात. "आपल्या सोयीनुसार, शक्य झालं तर…"

"गप्प बस," टॅब म्हणाला.

मी घसा साफ केला. "माझ्या भावाची पिशवी परत पाहिजे. आज."

"ताई, असं काय?" प्लंबर वैतागला, आणि त्याचंही बरोबर होतं. "मी मागायला आलो नव्हतो. तुम्ही घरी बोलावून दिलीत. मी विचारलंसुद्धा, दादांना चालेल ना? तुम्ही म्हणालात, त्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत. दादांचं हत्यार आहे, मी असंच हात लावला नसता. मग दादा हो म्हणाले होते की नव्हते?"

मी स्पीकर चालू केला आणि फोन दादासमोर धरला.

त्याने बोट एकदा शर्टाला पुसलं, आणि नीट, सावकाश बटणावर ठेवलं.

"नाही."

पलीकडे पाण्याचा आवाज बंद झाला. प्लंबरने नळ बंद केला असावा.

"कोण बोललं हे?" त्याने विचारलं.

"दादा," मी म्हटलं. "माझा दादा बोलला."